शिंगाचा 'सा' शिंगालाच ठरवू द्या: स्वीडिश कूहॉर्न बनवणं आणि वाजवणं

प्रश्न: मी मूळचा कोल्हापूरकडचा. घरात तुतारी वाजवणारे होते, थोडीफार मलाही येते. सध्या नोकरीसाठी स्वीडनमध्ये आहे. ओळखीच्या एका शेतकऱ्याने हायलँड जातीच्या गायीची दोन शिंगं दिली आहेत, आतल्या हाडासकट. त्यांचं इथलं पारंपरिक कूहॉर्न, म्हणजे गायीच्या शिंगाचं फुंकून वाजवायचं वाद्य, करायचं मनात आहे. शिंग साफ कसं करू? भोकं किती आणि कुठे पाडू? हार्मोनियमच्या पट्टीत बसवता येईल का? आणि तयार झाल्यावर त्यावर वाजवायचं काय?

उत्तर: तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं काम त्यावर अवलंबून आहे. शिंग हार्मोनियमच्या पट्टीत बसवायचा हट्ट धरू नका. प्रत्येक शिंगाची आतली पोकळी वेगळी असते. कुठे फुगवटा, कुठे पीळ, कुठे भिंत जाड तर कुठे पातळ. बाहेरून जुळी दिसणारी दोन शिंगं वाजवली की त्यांच्या मूळ सुरात चांगला दीड-दोन स्वरांचा फरक निघतो. 'पांढरी चारचं शिंग करायचं' असं ठरवून बसलात, तर शिंग कापत जावं लागतं आणि शेवटी हातात पट्टीही राहत नाही, गोडवाही राहत नाही. आपल्या संगीतात 'सा' हलता असतो, ही तुमच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. शिंगाचा जो सगळ्यात खालचा, भरदार, आपसूक लागणारा सूर असेल तो 'सा' धरा, तानपुऱ्याचं अॅप त्या सुराला लावा आणि पुढची भोकं त्या 'सा'शी जुळवा. पियानोवर वाढलेल्या माणसाला हे पटवून द्यायला वेळ लागतो. तुम्हाला लागणार नाही.

हे वाद्य मुळात कुणाचं ते सांगतो, म्हणजे त्याच्याकडून काय मागायचं ते कळेल. स्वीडनमधल्या दालार्ना, हेर्येदालेन, येम्तलांद या भागांत गावाजवळची जमीन पिकासाठी आणि हिवाळ्याच्या वैरणीसाठी राखून ठेवायचे, आणि उन्हाळाभर गुरं दूर जंगलातल्या कुरणांवर न्यायचे. तिथल्या मुक्कामाच्या वस्तीला फेबूद म्हणतात, नॉर्वेत सेटर. गुरांमागे जायच्या त्या मुख्यतः बायका आणि मुली. दिवसा गुरं रानात सोडायची, संध्याकाळी बोलवायची, दूध काढायचं, लोणी-चीज करायचं. अस्वल-लांडग्यांना दूर ठेवायला आणि पलीकडच्या वस्तीवरच्या बाईशी बोलायला आवाज लागायचा. त्यासाठी तीन साधनं: गळ्यातून काढलेली उंच, टोकदार हाक म्हणजे कुल्निंग, बर्चच्या सालीने गुंडाळलेला लांब लाकडी नेवरलूर, आणि शिंग. २०२४ साली स्वीडन आणि नॉर्वेची ही उन्हाळी पशुपालनाची परंपरा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. शिंगाला बोटांची भोकं पाडायची रीतही नवी नाही. दालार्नातल्या वेस्तरबी इथे सापडलेलं भोकांचं शिंग हजार वर्षांहून जुनं आहे. प्राचीन वाद्यांच्या अभ्यासक काइसा लुंद यांनी अशा जुन्या वाद्यांच्या प्रतिकृती वाजवून त्यांचा आवाज पुन्हा लोकांपर्यंत आणला.

थोडक्यात, हे अंतराचं वाद्य आहे. एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर पोचणारा ठाम, ओळखू येणारा सूर हे त्याचं काम. तुमचं शिंग झालं की नाही हे खोलीत बसून ठरवू नका.

आता तुमची शिंगं. इथल्या डोंगरी गायी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासून मुद्दाम बिनशिंगी निवडत आणल्या गेल्या, आणि दुभत्या गोठ्यांत वासरांचे शिंगांचे कोंब लहानपणीच जाळतात. त्यामुळे बनवणारे आता बरेचदा हायलँडच्या शिंगांकडेच वळतात. गायीचं शिंग बैलाच्या शिंगापेक्षा पातळ भिंतीचं, लांब आणि जास्त वळणाचं असतं. वाद्याला तेच हवं. दोन्ही शिंगं उजेडासमोर धरून बघा. रुंद तोंडाकडे पापुद्रे सुटलेले असतील, आडवी चीर असेल किंवा किड्यांनी पोखरल्याच्या बारीक खुणा असतील, ते सरावाला ठेवा. सरावाला एक शिंग लागतंच. पहिलं भोक कुणीही चांगल्या शिंगावर पाडू नये.

आतलं हाड काढायच्या तीन वाटा. सगळ्यात सोपी म्हणजे वाट पाहणं: हवेशीर पडवीत काही महिने शिंग टांगून ठेवलं की हाड आक्रसतं आणि खाली निसटतं. दुसरी म्हणजे झाकणाच्या बादलीत पाण्यात काही आठवडे कुजवणं. वास भयंकर येतो, शेजार असेल तर नकोच. तिसरी म्हणजे उकळणं, बहुतेक जण हेच करतात. जुन्या पातेल्यात, घराबाहेर, पाऊण ते एक तास. मग जाड हातमोजे घालून शिंग रुंद बाजूने लाकडाच्या ओंडक्यावर आपटायचं, हाड सुटून येतं. तासाच्या वर उकळू नका. शिंग केराटिनचं असतं, आपल्या नखासारखं. फार शिजलं की थर सुटू लागतात आणि रुंद तोंड वेडंवाकडं होतं. आत चिकटलेला पातळ पडदा बोथट सुरीने आणि तारेच्या ब्रशने खरवडून काढा, साबणाने धुवा, आणि सावलीत निदान तीन-चार आठवडे वाळू द्या. ऊन नको, हीटर तर मुळीच नको.

बाहेरचा खडबडीत थर काढायला सँडपेपरआधी सुरीची पाठ किंवा काचेचा तुकडा वापरा. गावी बेंदराला किंवा पोळ्याला बैलाची शिंगं साळताना पाहिलं असेल, तोच हात इथे चालतो: लांब, एका दिशेने, न थांबता. पण रुंद तोंडाकडे भिंत आधीच दोन-तीन मिलिमीटरवर आलेली असते. तिथे जास्त साळलं तर आवाज पत्र्यासारखा होतो आणि तडा जायची भीती. मशीनने घासणार असाल तर तोंडाला चांगला मास्क हवाच. शिंगाची भुकटी फुप्फुसांना त्रासदायक आहे. ओल्या सँडपेपरने घासलं तर भुकटी उडतच नाही. मी स्वतः तेच करतो.

आता खरं काम: टोकाचं भोक. शिंगाचं टोक भरीव असतं. कधी पाच सेंटिमीटर, कधी दहा, हायलँडमध्ये त्याहूनही जास्त. रुंद तोंडातून एक मऊ तार वळणावळणाने आत घाला, अडेल तिथे खूण करा, आणि तीच तार शिंगाच्या बाहेरून त्याच वळणाने धरा. पोकळी कुठे संपते ते बाहेर पेन्सिलने रंगवा. मग टोक कापा. कुठे कापायचं? जिथे शिंगाचा व्यास वीस-बावीस मिलिमीटर होतो तिथे, म्हणजे ओठ टेकायला पुरेशी कड राहते. आणखी पुढे, टोकाकडे कापलं तर मुखाची वाटी कोरायला जागाच उरत नाही. फार मागे कापलं तर लांबी आणि खालचा सूर दोन्ही जातात.

भरीव भागालाही वळण असतं आणि ड्रिल सरळ जातं. वळण थोडं असेल तर दोन्ही खुणांमधली मधली रेघ पकडून तिरकं ड्रिल करता येतं. जास्त असेल तर टोक उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं ठेवा, मऊ झालं की दोन लाकडी फळ्यांत धरून हळू सरळ करा आणि पूर्ण थंड होईपर्यंत शिकंज्यात राहू द्या. मग चार मिलिमीटरचं बिट, सगळ्यात कमी वेग, आणि दर सेंटिमीटरला बिट बाहेर काढून कीस झटकायचा. केस जळल्यासारखा वास आला की थांबा, शिंग तापलंय. पोकळी लागली की हाताला एकदम सैल जाणवतं. त्यानंतर सहा मिलिमीटरपर्यंत वाढवा.

इथे बहुतेक शिंगं बिघडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ड्रिलचं अरुंद नळकांडं जिथे नैसर्गिक पोकळीला मिळतं, तिथे आत पायरी तयार होते. बाहेरून दिसत नाही. पण फुंकलं की आवाजात हवा जास्त, सूर डळमळता, आणि वरचा सूर तुटक लागतो. उपाय असा: लांब निमुळती गोल कानस किंवा लाकडी काठीला गुंडाळलेला सँडपेपर रुंद तोंडातून आत घालून ती पायरी घासत राहायची. मोबाइलचा दिवा टोकाला धरा आणि रुंद तोंडातून आत बघा. उजेडाचं गोल वर्तुळ दिसलं तर ठीक. चंद्रकोर दिसली तर एका बाजूला अजून कड आहे. मी या एका जागेवर बाकी सगळ्या शिंगापेक्षा जास्त वेळ घालवतो, आणि तो वेळ प्रत्येक सुरात ऐकू येतो.

मुखाची वाटी शिंगातच कोरायची. वेगळं पितळी माउथपीस बसवू नका. आवाज मोठा होतो, पण शिंगाचा जो मऊ, किंचित घोगरा रंग आहे तो जातो. तुमच्या तुतारीच्या सवयीमुळे तुम्हाला मोठी वाटी हवीशी वाटेल. मी साधारण सोळा मिलिमीटर रुंद आणि आठ-नऊ मिलिमीटर खोल कोरतो, तळ गोलसर ठेवून. जुन्या शिंगांत वाट्या याहून लहान आणि उथळ, कधी नुसत्या फनेलसारख्या असतात. कड गोल करून बारीक सँडपेपरने आरशासारखी गुळगुळीत करा. धारदार कड पाच मिनिटांत ओठ सुजवते.

भोकं पाडण्याआधी दोन दिवस शिंग तसंच वाजवा. ओठ सैल, गाल न फुगवता, पोटातून संथ हवा. तुतारीत तुम्ही उंच सुरांसाठी ओठ आवळता, इथे उलटं, ओठ सैल सोडावे लागतात. शिंग आखूड आणि शंकूसारखं असल्यामुळे बहुतेक सगळं वादन त्याच्या पहिल्या, खालच्या सुराभोवती चालतं. तुतारीसारखे फुंकीने एकावर एक सूर चढवता येत नाहीत. चढले तरी बेसूर चढतात. खालचा सूर पाच मिनिटं गरम करून वाजवल्यावर ट्यूनरवर बघा. चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरचं शिंग माझ्याकडे बहुधा पांढरी तीन ते पांढरी सहाच्या दरम्यान कुठेतरी लागतं, आणि नेमकं पट्टीवर क्वचितच. जिथे लागेल तो तुमचा 'सा'.

भोकं किती? तीन किंवा चार. पाच असलेली शिंगंही आहेत, पण पहिल्या शिंगाला चारच्या वर जाऊ नका. जागा ठरवताना आधी शिंग वाजवायच्या पद्धतीने धरा. वळण उजवीकडे आहे की डावीकडे त्याप्रमाणे हात बसेल. बोटं जिथे आपोआप टेकतात तिथे पेन्सिलने ठिपके द्या. रुंद तोंडाच्या सगळ्यात जवळचं भोक मी तोंडापासून शिंगाच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर घेतो, आणि पुढची मुखाकडे सरकत अडीच-तीन सेंटिमीटरच्या अंतराने. हे फक्त सुरुवातीचे अंदाज.

पुढचं कानाचं काम. भोक मोठं केलं किंवा मुखाकडे सरकवलं की सूर चढतो, लहान ठेवलं की उतरतो. म्हणून प्रत्येक भोक चार मिलिमीटरने सुरू करा, गोल कानशीने हळूहळू वाढवा, दर वेळी वाजवून बघा. रुंद तोंडाजवळच्या पहिल्या भोकाने 'रे' मिळवा, दुसऱ्याने 'ग', तिसऱ्याने 'म'. आधी पहिलं पूर्ण जुळवा, मगच दुसऱ्याला हात लावा, कारण वरच्या भोकाचा सूर खाली उघडी असलेली भोकं थोडा बदलतात. भोक भिंतीच्या आतल्या बाजूने मुखाकडे तिरकं घासलं तर बाहेरून न वाढवताही सूर चढतो, आणि बोटाला सोयीचं राहतं. जास्त चढला तर भोकाच्या कडेला आतून मधमाशीचं मेण लावा, सूर खाली येतो. हे मेण जुन्या शिंगांतही सापडतं, त्यात कमीपणा काही नाही.

'ग' कुठे थांबवायचा हा प्रश्न तुम्हाला नक्की पडेल. फेबूदच्या जुन्या सुरावटींत अनेकदा असा गंधार ऐकू येतो जो कोमलही नाही आणि शुद्धही नाही, दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. मध्यमही कधी चढा, तीव्राच्या दिशेने झुकलेला. इथले नवे बनवणारे बरेच जण तो गंधार शुद्धावर नेऊन बसवतात, म्हणजे बाकी वाद्यांबरोबर वाजवता येतं. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या शिंगात तो मधला गंधार ठेवा. ओठ आवळून तो शुद्धाकडे नेता येतो आणि सैल करून कोमलाकडे, इतकी लवचीकता शिंगात आहे. एकदा भोक वाढवून शुद्ध केलात की मधला रंग परत आणायला पुन्हा मेण भरावं लागतं.

वादनात आणखी एक गोष्ट आहे जी तुतारीत नाही: मोकळा हात रुंद तोंडावर. हात अर्धा आत घातला की सूर उतरतो आणि आवाज आत गेल्यासारखा होतो. हात काढला की उजळतो. 'सा'च्या खालचा 'नी' असाच मिळवतात. भोकं पाडताना एक हात मोकळा राहील असं बघा, म्हणजे तीन भोकांच्या शिंगातही पाच-सहा सूर निघतात.

आता वाजवायचं काय. सुरुवात गाण्यांनी नको, हाकांनी करा. सकाळी गुरं सोडायची हाक, संध्याकाळी बोलवायची हाक, गाय हरवल्याची आणि सापडल्याची, असे वेगवेगळे संकेत असायचे आणि प्रत्येक वस्तीचे आपापले. ताल मोकळा, श्वासाच्या लांबीचा. लहान उडते कण आधी येतात, मग एक लांब सूर, आणि शेवटी तो सूर किंचित वर ढकलून सोडलेला. संकेताचं वजन किती असायचं ते नॉर्वेतल्या एका लोककथेतून कळतं. २६ ऑगस्ट १६१२ रोजी ऑट्टाजवळच्या क्रिंगेनमध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी स्वीडनकडे चाललेल्या स्कॉटिश भाडोत्री सैनिकांना दरीत गाठलं. लढाई इतिहासात नोंदलेली आहे. सैनिक नेमके कुठे पोचले हे प्रिल्लार-गुरी नावाच्या मुलीने नदीपलीकडच्या टेकडीवरून शिंग फुंकून कळवलं, असं लोक सांगत आले आहेत.

ऐकायला भरपूर आहे. १९०६ साली चित्रकार आंदर्श सोर्न यांनी दालार्नात येसुंदा इथे वादकांची स्पर्धा भरवली, त्यात फिडलबरोबर शिंग आणि लूर वाजवणारेही होते. जुनी वाद्यं विझू नयेत हाच हेतू होता. पुढे स्वीडिश रेडिओच्या मात्स आर्नबेरी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरपासून गावोगाव जाऊन ध्वनिमुद्रणं केली. त्रान्स्त्रांदच्या कारिन एडवर्डसन-योहान्सन यांचं कुल्निंग आणि शिंग त्यातून आपल्यापर्यंत पोचलं. त्यांचं ऐकाच, आणि सूर मोजू नका, श्वास कुठे घेतात ते बघा. स्टॉकहोमच्या स्वीडिश लोकगीत-अभिलेखागारात असा बराच साठा आहे. नॉर्वेकडचं बुक्केहॉर्न ऐकायचं तर सॅक्सोफोनवादक कार्ल सेग्लेम यांचं ऐका. ते बोकडाचं शिंग आजच्या जॅझमध्ये वाजवतात. नॉर्वेत शिंगाच्या टोकाला ज्युनिपरच्या लाकडाची पातळ पट्टी बांधून, ओठांऐवजी त्या जिभेवर वाजवायचा प्रकारही आहे. आवाज सनईच्या जवळ जातो. पण ते वेगळं कौशल्य आहे, तुमच्या ओठांच्या सवयीला बिनजिभेचं शिंगच योग्य.

सराव बाहेर करा. तळ्याकाठी, जंगलाच्या कडेला, समोर झाडांची भिंत असेल अशा जागी. सूर फुंकून थांबायचं, परत काय येतं ते ऐकायचं. प्रतिध्वनीत सुराची सुरुवात स्पष्ट असेल तर तुमचा ओठ नीट बसलाय. धूसर असेल तर हवा आधी आणि कंप नंतर सुरू होतोय. घरात वाजवायचंच झालं तर कानात बोळे घाला, शिंग जवळून फार मोठं असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एल्कच्या शिकारीचे दिवस असतात, तेव्हा रानात जाण्याआधी स्थानिक शिकारी गटाला विचारा आणि भडक रंगाचं जॅकेट घाला. चरत्या गुरांच्या कुरणाशेजारी मालकाला न विचारता वाजवू नका. गायी खरंच येतात, आणि कुंपण असलं तरी धावत येतात.

निगा सोपी आहे. वाजवून झालं की आतून कापडाने पुसा, उभं ठेवून वाळवा. वर्षातून दोनदा जवसाच्या तेलाचा पातळ हात आतून-बाहेरून द्या, जास्तीचं पुसून टाका. तेलात भिजलेलं कापड चुरगळून ठेवू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतं. पाण्यात बुडवून किंवा पसरून वाळवून मगच टाका. शिंगाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे लोकर खाणारे कसर आणि भुंगेरे. महिनोन्महिने कपाटात पडून राहिलं की तेच घरटं करतात. शंका आली तर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, मग पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या. रुंद तोंडाला बारीक तडा गेला तर तो पुढे धावायच्या आत त्याच्या टोकाला एक मिलिमीटरचं भोक पाडा, पातळ सुपरग्लू भरा आणि वरून मेण लावलेल्या दोऱ्याचे घट्ट वेढे द्या.